वाचकांचे प्रश्न : पंचायतीपर्यंत आलेली तार घरापर्यंत कशी न्यावी?

गावात ब्रॉडबँड आणण्यासाठी गावकऱ्यांनी स्वतः काय करावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळच्या सदरात घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. पत्रे निरनिराळ्या जिल्ह्यांतली असली तरी बहुतेकांचे दुखणे एकच आहे : सोय उभी राहते, पण ती सांभाळणारा माणूस गावात नसतो. त्यामुळे उत्तरांत यंत्रांइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, त्या माणसाचा विचार आला आहे.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत चार वर्षांपूर्वी ‘भारतनेट’ची केबल आली आणि भिंतीवर पेटी बसली. काही महिने नेट चालले. आता पेटीवर लाल दिवा लुकलुकतो, नाहीतर पेटीच बंद असते. दाखले काढण्यासाठी आमचे संगणक परिचालक स्वतःच्या मोबाइलचे नेट वापरतात. तक्रार केली की ‘वरून माणूस येईल’ एवढेच उत्तर मिळते. आम्ही गावकऱ्यांनी काय करावे? (ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ही योजना २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ या नावाने मंजूर झाली आणि २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे उद्दिष्ट होते. त्यांपैकी पहिल्या १ लाख पंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य शासनाने ‘महानेट’ या नावाने हाती घेतले. यासाठीचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून घेतल्या जाणाऱ्या ५ टक्के आकारणीतून येतो. याचा अर्थ मोबाइलचे रिचार्ज करणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा आहे. आपण उपकार मागत नाही, भरलेल्या पैशाचा हिशेब मागत आहोत, हे पत्रव्यवहार करताना आपण अवश्य लक्षात ठेवावे.

आता पेटीकडे वळू. तालुक्याच्या ठिकाणच्या यंत्रातून निघालेला प्रकाश फायबरमधून येतो, वाटेत तो काही पंचायतींमध्ये वाटला जातो आणि शेवटी आपल्या भिंतीवरच्या पेटीत त्याचे नेटमध्ये रूपांतर होते. पेटी पूर्णपणे बंद असेल तर दोष विजेचा, बॅटरीचा किंवा खुद्द पेटीचा आहे. पेटी चालू असून ‘एलओएस’ अक्षरांजवळचा दिवा लाल असेल तर पेटीपर्यंत प्रकाशच पोहोचत नाही, म्हणजे फायबर कुठेतरी तुटले आहे किंवा जोड सैल झाला आहे. हे दोन दोष दुरुस्त करणारी माणसे वेगळी असतात. ‘नेट बंद आहे’ एवढीच तक्रार गेली की कोणाला पाठवायचे हे ठरण्यातच दिवस जातात. आपली पहिली तक्रार अशीच अडकली असण्याचा संभव मला वाटतो.

म्हणून कार्यालयात एक साधी नोंदवही ठेवावी आणि तीत बंद पडल्याची तारीख, वेळ, दिव्याचा रंग व त्या वेळी वीज होती की नव्हती एवढे चार रकाने असावेत. पुढची पायरी म्हणजे शेजारच्या पंचायतींना फोन करणे. पहिल्या टप्प्यात फायबर बहुतेक ठिकाणी एका रेषेत टाकले गेले होते, त्यामुळे मधे एका जागी ते तुटले की त्यापुढच्या सगळ्या पंचायती अंधारात जातात. आपल्या अलीकडच्या गावात नेट चालू आणि पलीकडच्या दोन्ही गावांत बंद असेल, तर तुटलेली जागा अलीकडचे गाव आणि आपण यांच्या दरम्यान असणार, हे नकाशा न पाहताही कळते. त्या रस्त्याचे रुंदीकरण किंवा नळयोजनेची खोदाई अलीकडे झाली असेल तर जागा जवळपास सापडलीच म्हणून समजा. तीन-चार पंचायतींनी मिळून अशा नोंदींसह एकच पत्र दिले, तर त्याची दखल घेणे संबंधितांना भाग पडते.

जेसीबीने फायबर तुटणे हे या योजनेचे जुने दुखणे आहे. खोदणाऱ्याने आधी संबंधित यंत्रणांना कळवावे यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. गावठाणात खोदाईला परवानगी देताना या अ‍ॅपवरील नोंदीची प्रत जोडण्याची अट आपली पंचायत ठरावाने घालू शकते.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यात पंचायतींना वर्तुळाकार जोडणी देणे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने प्रकाश येईल अशी रचना करणे, आणि दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कंत्राटातच घालणे या दोन गोष्टी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. आपली पंचायत या कामात कधी येणार आणि तोवर दुरुस्ती कोणाकडे आहे, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे.

शेवटचा मुद्दा माणसाचा. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठी फड पद्धतीने पाणी वाटले जात असे, तेव्हा पाटाची देखरेख करणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या यांचा मोबदला लाभ घेणारे शेतकरीच देत. पाट फुटला तर पाटकऱ्याला त्याच दिवशी कळे, कारण तो गावातलाच असे आणि त्याची भाकर त्या पाटावर अवलंबून असे. आपल्या पेटीलाही असा पाटकरी हवा. दहावी-बारावी झालेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला पंचायतीने थोडे मानधन देऊन नोंदवही, बॅटरी आणि पाठपुरावा ही तीन कामे सोपवावीत. फायबरला हात लावण्याची त्यांना गरज नाही आणि परवानगीही नसावी.

प्रश्न : इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांनी स्वतः चर खणून गावोगाव फायबर नेल्याचे ऐकले. हे खरे आहे का, आणि आपल्याकडे श्रमदानाने असे करता येईल का? आमच्या गावाने पाणलोटाची कामे श्रमदानाने केलेली आहेत. (निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : होय, ते खरे आहे. उत्तर इंग्लंडमधील लँकेशायर परगण्याच्या ग्रामीण भागात घरे दूरदूर विखुरलेली आहेत, आणि अशा ठिकाणी फायबर नेणे मोठ्या कंपन्यांना परवडणारे वाटत नव्हते. तेव्हा तिथल्या रहिवाशांनी २०११ मध्ये ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ नावाची लोकहितकारी संस्था स्थापन केली. तिच्या उभारणीत नेटवर्क-तज्ज्ञ बॅरी फोर्ड यांचा मोठा वाटा होता. आज ती दहा हजारांहून अधिक घरांना आणि व्यवसायांना सेवा देते. सुरुवातीपासून तिने सेकंदाला १ गिगाबिट एवढ्या वेगाची जोडणी महिना ३० पौंडांत दिली, आणि माहिती उतरवण्याचा व पाठवण्याचा वेग सारखाच ठेवला. त्या काळी तिथल्या शहरांतही असा वेग सहसा मिळत नसे.

हे परवडले कसे, यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. रस्त्याकडेने खोदायचे म्हटले की परवानगी, वाहतूक थांबवणे आणि पुन्हा डांबरीकरण असा खर्च येतो, आणि फायबरच्या किमतीच्या मानाने तो फारच मोठा असतो. या संस्थेने रस्ता सोडला आणि शेतातून वाट काढली. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून जाण्याचा मोबदला घेतला नाही. ट्रॅक्टरला जोडलेल्या नांगराने नळी जमिनीत पुरली गेली, अवघड जागी लोकांनी हाताने खणले, आणि आपल्या अंगणातला चर अनेकांनी स्वतः काढला. खणण्याच्या कामाला मीटरमागे दर होता आणि तो भागांच्या रूपाने घेण्याची सोय होती, म्हणजे घाम गाळणारा संस्थेचा भागधारक होत असे. भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच. आपल्या सहकारी संस्थांतील वाचकांना हे तत्त्व परके वाटणार नाही.

मात्र खणणे हा त्या कामाचा दिसणारा भाग झाला. त्याआधी संस्थेने प्रत्येक शेताच्या मालकाची लेखी संमती गोळा केली, गावागावांत बैठका घेऊन किती घरे जोडणी घेणार याची नावे मिळवली, आणि मँचेस्टरमधील मोठ्या जोडणीकेंद्रापर्यंतचा मार्ग निश्चित केला. गावातले जाळे कितीही उत्तम असले तरी ते बाहेरच्या जगाला जोडणारा जाडजूड धागा कुठून तरी विकत घ्यावाच लागतो. श्रमदानाच्या उत्साहात हा धागा विसरला जाईल, ही माझी खरी काळजी आहे.

आपल्याकडे मुख्य फरक तीन आहेत. पहिला परवान्याचा. भारतात इंटरनेट सेवा विकायची तर दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. त्यातील सर्वांत लहान श्रेणी साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी असते, तरीही सुरक्षाविषयक अटी आणि हिशेब यांचा भार एका गावाला पेलणारा नाही. शिवाय २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार नियम नव्याने बांधले जात असल्याने कोणतेही पाऊल टाकण्यापूर्वी ताजे नियम पाहावेत. त्यापेक्षा परवानाधारक कंपनीचा किंवा बीएसएनएलचा स्थानिक भागीदार होणे सोपे आहे. तालुक्याच्या गावांतले केबलवाले हेच करतात, आणि ‘भारतनेट उद्यमी’ या योजनेतही पंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी व देखभाल स्थानिक उद्योजकाने करायची आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा अशी व्यवस्था आहे.

दुसरा फरक जमिनीचा. तिथे एका शेतकऱ्याच्या संमतीने अर्धा-एक किलोमीटर वाट मिळते, तर आपल्याकडे तेवढ्या अंतरात वीस-पंचवीस गट क्रमांक आणि सातबारावर त्याहून अधिक नावे असू शकतात. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या मार्गाधिकाराच्या, म्हणजे तार नेण्यासाठी जमिनीतून वाट मिळवण्याच्या, नियमांत खासगी जमिनीसाठी मालकाशी करार करणेच अपेक्षित आहे. एका भावाने हो म्हटले आणि दुसऱ्याने पुढच्या वर्षी नळी उखडली, असे घडू नये म्हणून प्रत्येक खातेदाराची सही घ्यावी. नळी बांधाच्या कडेने न्यावी, उसाच्या सरीतून नेऊ नये.

तिसरा फरक वापराचा. तिथल्या घरांना जोडणी अत्यंत निकडीची होती आणि महिन्याचे ३० पौंड देण्याची त्यांची ऐपत होती. आपल्या गावात किती घरे दरमहा चारशे-पाचशे रुपये नियमाने देतील, हे घरोघर जाऊन विचारावे आणि ‘हो’ म्हणणाऱ्याकडून अनामत घ्यावी. पाणलोटाच्या कामात पाऊस आपले काम करतो, इथे दरमहा बिल भरावे लागते.

हे सारे सांगण्याचा हेतू आपल्याला परावृत्त करण्याचा नाही. श्रमदानाची सवय असलेले गाव हे मोठे भांडवल आहे. पंचायत ते शाळा, पंचायत ते आरोग्य उपकेंद्र आणि पंचायत ते मोठी वस्ती अशा तीन वाटांपासून भागीदार कंपनीशी लेखी करार करून आपण सुरुवात करू शकता. गावाने टाकलेली नळी आणि केबल कोणाच्या मालकीची राहील, हे त्या करारात स्पष्ट लिहून घ्यावे. कंपनी बदलली तरी वाट गावाची राहिली पाहिजे.

प्रश्न : आमची वाडी डोंगराच्या पलीकडे आहे. केबल येणे अशक्य आहे आणि मोबाइलची रेंज घेण्यासाठी मुलांना कातळावर जाऊन बसावे लागते. खालच्या गावात फायबर आहे. तिथून वायरलेसने नेट वर आणता येईल का? पावसाळ्यात ते टिकेल का? (युवक मंडळाचे कार्यकर्ते, पुणे जिल्ह्याचा पश्चिम भाग)

उत्तर : आणता येईल, आणि तेही मोबाइल टॉवर न उभारता. नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यातील नांगी या गावात महाबीर पुन या शिक्षकांनी हे वीस वर्षांपूर्वी करून दाखवले. शाळेला संगणक मिळाले होते, पण गावात फोनही नव्हता. २००१ मध्ये त्यांनी बीबीसीला पत्र लिहून उपाय विचारला, ते वाचून परदेशातील काही स्वयंसेवक पुढे आले, आणि २००२ पासून घरात वापरायची साधी वायफाय यंत्रे दिशादर्शी अँटेनाला जोडून एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर सिग्नल नेण्याचे प्रयोग सुरू झाले. काही अँटेना तर झाडांवर बांधल्या होत्या. पुढे हे जाळे पोखरा शहराशी जोडले गेले आणि अनेक गावांत पसरले. २००७ मध्ये पुन यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे प्रयोग सुरू झाले त्या वेळी नेपाळमध्ये अशा लहरींच्या वापरावर निर्बंध होते आणि देशात सशस्त्र संघर्ष चालू होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते.

आपल्याकडचे उदाहरण पालघर जिल्ह्याचे आहे. तेव्हा आयआयटी मुंबईत प्राध्यापक असलेले अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पात खामलोली परिसरातील गावांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवर इंटरनेट नेण्याची चाचणी घेतली. या लहरी झाडीतून बऱ्याच अंशी पार होतात, पण त्यांना विशेष परवानगी लागते. पुढे वायफायसारख्या, परवाना न लागणाऱ्या लहरींवरील दुवे, म्हणजे अँटेना ते अँटेना जोडण्या, वापरून हे काम पंचवीस गावांपर्यंत गेले. मला त्यातला आर्थिक विचार अधिक मोलाचा वाटतो : शासन आणि खासगी कंपनी यांच्या भागीदारीत पंचायत हा तिसरा भागीदार असावा, तिने स्वतः गुंतवणूक करावी आणि गावातल्या उद्योजकाने सेवा चालवावी, असा त्यांचा आराखडा होता. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले.

आपल्याला लागणारी ५ गिगाहर्ट्‌झची लहर भारतात ऑक्टोबर २०१८ पासून इमारतीबाहेरही परवान्याविना वापरता येते. अट एवढीच की यंत्र मान्यताप्राप्त असावे आणि ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत चालवावे. परंतु ही लहर नजरेसारखी सरळ चालते. खालच्या गावातील अँटेनावरून वाडीची अँटेना दिसली पाहिजे, आणि नुसती दिसून भागत नाही, त्या रेषेभोवती थोडी मोकळी जागाही लागते. पाच किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर रेषेच्या चारही बाजूंना सुमारे पाच मीटर मोकळीक असावी. त्यामुळे पाहणी मे महिन्यात करू नका. तेव्हा साग आणि इतर झाडे निष्पर्ण असतात आणि सगळे मोकळे दिसते. श्रावणात पाने भरल्यावर जे दिसेल तेच खरे मानावे. वाडी थेट दिसत नसेल तर दोन्हीकडून दिसणाऱ्या माथ्यावर मधला टप्पा उभारावा लागेल, आणि ती जमीन वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी आधी मिळवावी.

पावसाविषयी आपण विचारले आहे. एवढ्या अंतरावर या लहरीला पावसाच्या सरींचा फारसा अडथळा होत नाही. यंत्रणा बंद पडते ती जोडात शिरलेल्या पाण्याने, वाऱ्याने अँटेनाचे तोंड किंचित फिरल्याने आणि विजेमुळे. जोड जलरोधक पट्टीने गुंडाळणे, खांबाला तीन बाजूंनी ताण देणे आणि चांगले अर्थिंग करणे या तिन्ही कामांत काटकसर करू नये.

सौर पॅनेलवर भिस्त ठेवण्यापूर्वी एक हिशेब करून पाहा. दहा-दहा वॅटची दोन यंत्रे दिवसाला ४८० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ अर्धा युनिट वीज घेतात. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी तिचे आयुष्य राखण्यासाठी निम्मीच वापरायची ठरवली, तर ती जेमतेम दोन दिवस पुरते. आषाढात सह्याद्रीवर आठवडा-आठवडा ऊन पडत नाही. म्हणून मधला टप्पा शक्यतो वीज असलेल्या घराजवळ असावा आणि बॅटरी हा दुसरा आधार मानावा.

आणखी एक गोष्ट. सुधारित भारतनेट कार्यक्रमात पंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद आहे. आपण वायरलेसची तयारी करताना ग्रामसभेच्या ठरावासह ही मागणीही नोंदवावी. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवण्यात काही गैर नाही.

प्रश्न : आमचा महिला बचत गट पिठाची गिरणी चालवतो. गावात वायफाय केंद्र चालवता येते असे एका प्रशिक्षणात सांगितले. त्याला परवाना लागतो का, आणि त्यात आम्हाला काही उरेल का? (बचत गटाच्या अध्यक्षा, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : ताई, आपल्याला सांगितले गेले ते ‘पीएम-वाणी’ योजनेविषयी असावे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केली. तीत चहाचे दुकान, किराणा दुकान किंवा आपल्यासारखी गिरणी ‘पब्लिक डेटा ऑफिस’ होऊ शकते, आणि त्यासाठी परवाना, नोंदणी किंवा शुल्क काहीही लागत नाही. ग्राहकाची ओळख पडताळणे, पैसे घेणे आणि नोंदी ठेवणे ही कामे करणारी ‘अ‍ॅग्रिगेटर’ कंपनी वेगळी असते, आणि नोंदणी तिला करावी लागते. आपल्याला लागेल ते एक ब्रॉडबँड जोडणी, योजनेला चालणारे वायफाय यंत्र आणि अशा कंपनीशी करार.

पूर्वी मोठी अडचण ही होती की अशा केंद्रांना घरगुती दराने जोडणी मिळत नसे आणि महागडी व्यावसायिक लाइन घ्यायला सांगितले जाई. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आदेश काढला, त्यानुसार २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना या केंद्रांना घरगुती दराच्या फार तर दुप्पट किमतीत द्याव्या लागतात. कंपनीने नकार दिला तर या आदेशाचा उल्लेख करून लेखी उत्तर मागावे.

उरेल का, याचे उत्तर आपल्या गावातील मोबाइल रेंजवर अवलंबून आहे आणि ते मी स्पष्टपणे सांगणे योग्य ठरेल. समजा जोडणी, वीज आणि किरकोळ खर्च मिळून महिन्याला १,२०० रुपये लागले आणि यंत्र बिघडेल तेव्हासाठी आपण ३०० रुपये बाजूला ठेवले. दहा रुपयांच्या कूपनमधून कंपनीचा वाटा वजा जाता आपल्या हाती आठ रुपये आले, तर खर्च निघण्यासाठी महिन्याला १८८ कूपने, म्हणजे रोज सहा-सात विकली गेली पाहिजेत. जिथे घरात बसून चांगला मोबाइल डेटा चालतो तिथे एवढी विक्री होणे कठीण आहे. जिथे रेंज नाही, किंवा अभ्यासाचे व्हिडिओ आणि अर्ज भरणे यांसाठी डेटा संपून जातो, तिथे ती होऊ शकते. आधी महिनाभर गिरणीवर येणाऱ्यांना विचारून वहीत नोंद करावी आणि मगच करार करावा.

मध्य प्रदेशातील चंदेरी या विणकरांच्या गावी डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन आणि इंटरनेट सोसायटी यांनी २०१० मध्ये सामुदायिक वायरलेस जाळ्याचे काम सुरू केले. त्या उपक्रमात शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणांनाही अँटेना बसवणे आणि दोष शोधणे शिकवले गेले. आपल्या गटातील दोघी-तिघींनी हे शिकून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. राउटर पुन्हा सुरू करण्यासाठी दर वेळी बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागली तर ग्राहक दोन आठवड्यांत पाठ फिरवतील.

गिरणीची जागा मात्र उत्तम आहे. पारावर किंवा पानाच्या टपरीजवळ वायफाय असले की मुली तिथे थांबू शकत नाहीत. दळणाच्या निमित्ताने गिरणीवर बायका आणि मुली निर्धास्त येतात.

प्रश्न : आता उपग्रहावरून इंटरनेट येणार आहे. मग केबलच्या मागे कशाला लागायचे? (वाचक, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : घनदाट जंगलातील एखाद्या आश्रमशाळेला किंवा आरोग्य केंद्राला उपग्रहाचा मोठा उपयोग होईल. नव्या सेवांचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर फिरतात, तर जुने ३५,७८६ किलोमीटरवर असत. त्यामुळे बोलताना होणारा विलंबही आता फार कमी झाला आहे. पण एका उपग्रहाची क्षमता त्याखालच्या सर्व ग्राहकांत वाटली जाते आणि छतावरची तबकडी व मासिक शुल्क यांचा खर्च एका घराला जड जाणारा आहे. फायबर शक्य असेल तिथे उपग्रहासाठी थांबू नये. जिथे ते खरोखर शक्य नाही, तिथे एक जोडणी शाळेत घेऊन ती परवानाधारक सेवेच्या नियमांत राहून वस्तीला कशी उपयोगी पडेल, याची चौकशी करावी.

प्रश्न : आमच्या गावची सहकारी दूध संस्था चांगली चालते. तिनेच घरोघर ब्रॉडबँड द्यावे असा विचार काही सभासदांनी मांडला आहे. काहींचा विरोध आहे, कारण ‘दुधाचा पैसा तारेत जाईल’ असे त्यांना वाटते. आपले मत काय? (संस्थेचे सचिव, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : आपल्या जिल्ह्यालाच या विषयाचा जुना अनुभव आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सत्तर गावांत सहकारी संस्थांच्या आधाराने ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगाव संगणक केंद्रे आली आणि शेतकऱ्याला उसाची नोंद, वजन आणि देय रक्कम गावातच कळू लागली. पुढे जुने झालेले संगणक सांभाळणे अवघड झाले, तेव्हा तीच माहिती मोबाइलवर लघुसंदेशाने देण्याचा प्रयोग झाला. माझ्या मते त्यातून दिसते ते असे की केंद्रे टिकली ती सहकारी संस्थेच्या रोजच्या कामाशी जोडलेली होती म्हणून, आणि अडचण आली ती यंत्रे बदलण्याची वेळ आल्यावर.

अमेरिकेत १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी वीज सहकारी संस्था काढल्या. त्यांतील अनेक संस्था आज आपल्याच खांबांवरून सभासदांना फायबर देत आहेत. खांब, सभासद आणि बिल गोळा करण्याची व्यवस्था त्यांच्याकडे आधीच होती. महाराष्ट्रातही श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा सहकारी संस्थेने दीर्घकाळ वीज वितरण केले, पण थकबाकी वाढत जाऊन २०११ मध्ये ते काम महावितरणकडे गेले. या दोन्ही गोष्टी सभासदांपुढे ठेवाव्यात, एकच नव्हे.

विरोध करणाऱ्यांची भीती रास्त आहे आणि तिला उत्तर हिशेबातूनच देता येईल. ब्रॉडबँडचे खाते दुधाच्या खात्यापासून पूर्णपणे वेगळे असावे. दहा दिवसांच्या दूधबिलातून सभासदाच्या संमतीने शुल्क कापून घेता येईल, हा आपल्या संस्थेचा मोठा लाभ आहे, कारण वसुलीतच अशा योजना बुडतात. जमा होणाऱ्या शुल्कातून घसाऱ्याची रक्कम दरमहा बाजूला काढून वेगळ्या ठेवीत ठेवावी. विजेचे राउटर आणि बॅटऱ्या चार-पाच वर्षांत बदलाव्या लागतात, त्या वेळी दुधाच्या पैशाला हात लागता कामा नये.

‘आम्ही खर्च करायचा आणि शेजारच्या गावाने वापरायचे का,’ असाही प्रश्न आपल्या पत्रात आहे. स्पेनमधील कातालोनियात २००४ मध्ये ओसोना भागातून सुरू झालेल्या ‘ग्विफी’ या जाळ्याने तो सोडवला आहे. तिथे आज तीस हजारांहून अधिक जोडबिंदू आहेत. जो दुवा उभारतो त्याची त्यावरील मालकी कायम राहते, पण सामायिक करारानुसार इतरांच्या इंटरनेटची वाहतूक त्यातून जाऊ द्यावी लागते, आणि धंद्यासाठी जाळे वापरणारे वापराच्या प्रमाणात गुंतवणूक व देखभालीच्या खर्चाची भरपाई करतात. शेजारच्या दूध संस्थांशी आपण याच धर्तीवर करार करू शकता, आणि बाहेरून घ्यायची जोडणी चार-पाच संस्थांनी मिळून घेतली तर प्रत्येकीचा खर्चही कमी होईल.

सेवा देण्याचा परवाना असलेल्या भागीदाराची गरज आपल्यालाही लागेल, त्याविषयी सातारा जिल्ह्यातील वाचकांना दिलेले उत्तर पाहावे. संस्थेच्या पोटनियमांत हा उद्देश नसल्यास दुरुस्ती करून निबंधकांची मंजुरी घ्यावी लागेल. ती दुरुस्ती सर्वसाधारण सभेपुढे यायला हवी, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असल्याने घरोघरची मागणी, खर्चाचा अंदाज आणि भागीदाराचे लेखी दर ही तिन्ही कागदपत्रे जुलैअखेर हाती येतील अशा बेताने उन्हाळ्यातच काम सुरू करावे.